कोल्हापूरहून टस्कनीला सायकल: गिअर, चढ आणि पांढऱ्या पाणंदी

नकाशावर इटलीच्या टस्कनी प्रांतातलं सिएना ते मोंताल्चिनो हे अंतर जेमतेम ४२ किलोमीटर दिसतं. रविवारी पहाटे उठून पन्हाळा करून नाष्ट्याला घरी परतणाऱ्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटतो. मग तो दिवसाला ९० किलोमीटरचा बेत आखतो, हॉटेलं आगाऊ बुक करतो आणि तिसऱ्या दिवशी गुडघ्याला बर्फ लावून बसतो. त्याची तयारी कमी नसते, त्याचा हिशोब चुकलेला असतो.

आपले घाट एकगठ्ठा असतात. वाघबीळपासून चढ लागला की तो पन्हाळ्यावरच संपतो आणि परतीला उतार मिळतो. टस्कनीत असा एक मोठा घाट क्वचितच लागतो. तिथे ६० ते १५० मीटर उंचीचे चढ दिवसभर एकामागोमाग येत राहतात: खाली ओढा, वर वाडी, पुन्हा ओढा. दिवसाचा शेवटचा चढ तर टळतच नाही, कारण मुक्कामाचं गाव डोंगराच्या माथ्यावर असतं. बुओनकोन्वेंतो साधारण १५० मीटर उंचीवर, मोंताल्चिनो ५६० च्या पुढे, आणि मधलं अंतर १४ किलोमीटर. म्हणजे दिवसभर पाय मारल्यावर शेवटी आख्खा पन्हाळा शिल्लक राहतो, तोही सामानासकट. पिएंझा ४९० मीटरवर, मोंतेपुल्चानो ६०० वर, वोल्तेर्रा ५३० च्या आसपास. गावं वर का बसली याची कारणं आपल्याला परकी नाहीत. वरून शत्रू दिसतो, तटाला दरवाजे कमी पुरतात. शिवाय खालची खोरी दलदलीची आणि मलेरियाची होती. मोंतेपुल्चानोच्या पायथ्याचं वाल दि कियाना हे आजचं सुपीक खोरं तर एकोणिसाव्या शतकापर्यंत पाणी काढून काढून कोरडं केलेलं आहे.

म्हणून बेत आखताना आधी चढाचे मीटर बघा, किलोमीटर नंतर. सामान लादलेल्या सायकलवर बऱ्यापैकी सवयीचा माणूस तासाला साधारण ५०० मीटर उंची चढतो. सपाटीला १८ चा वेग धरला तर ५५ किलोमीटरचे तीन तास आणि १००० मीटर चढाचे दोन, असे पाच तास झाले. त्यात पाणी, फोटो, पंक्चर, चुकलेलं वळण आणि दुपारचं जेवण मिळवा. दिवसाला ४५ ते ६० किलोमीटर आणि ८०० ते १००० मीटर चढ एवढं पुष्कळ झालं. ज्याला गावं बघायची आहेत त्याने याहून कमीच धरावं, नाहीतर प्रत्येक गाव संध्याकाळी सात वाजता घामेजल्या अंगाने बघावं लागतं.

आता गिअर. खरी मेख इथेच आहे. माणूस ७० किलो, सायकल १३ आणि सामान १२ असं ९५ किलोचं ओझं धरू. पुढे ३४ दाती आणि मागे २८ दाती असा सगळ्यात हलका गिअर असलेली रोड बाइक मिनिटाला ६० फेऱ्यांनी मारली, तर वेग ताशी सुमारे सव्वानऊ किलोमीटर येतो. १० टक्के चढावर त्याला जवळपास २५० वॉट लागतात. हौशी माणसाचे पाय एवढी ताकद काही मिनिटंच देतात. त्यानंतर फेऱ्या ४० वर येतात, सगळा जोर गुडघ्यावर पडतो आणि पाठ धरते. तोच चढ पुढे २८, मागे ३४ ने मारला तर वेग साडेसहाच्या खाली येतो, पण काम १७५ ते १८० वॉटमध्ये भागतं. ही ताकद अर्धा तास टिकवता येते. टस्कनीच्या आडरस्त्यांवर १० ते १५ टक्क्यांचे तुकडे नेहमीचे आहेत, म्हणून सगळ्यात हलक्या गिअरचं गुणोत्तर एकच्या खाली पाहिजे, म्हणजे पुढच्या चक्राचे दाते मागच्यापेक्षा कमी. तीन चक्रांची साधी हायब्रिड सायकल इथे महागड्या रोड बाइकपेक्षा कामाची ठरते. हे ऐकायला काहींना जड जाईल, पण दात्यांचं गणित किंमत बघत नाही.

मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दात्यांच्या चक्रांचा गठ्ठा, मोठी करून घ्यायची असेल तर तीन गोष्टी मेकॅनिककडून तपासून घ्या. एक, मागच्या डिरेलरला, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेला, किती दात्यांपर्यंत चालतं. आखूड पिंजऱ्याचे कितीतरी जुने डिरेलर २८ च्या पुढे जात नाहीत, वरचं छोटं चाक कॅसेटला घासतं. दोन, साखळीची लांबी. साखळी डिरेलरमधून न ओवता पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चक्रावरून फिरवायची, जिथे जुळेल तिथून दोन कड्या जास्त ठेवायच्या. आखूड साखळीने चुकून मोठं-मोठं गिअर पडलं तर डिरेलर मोडतो, तोही भर चढावर. तीन, जुनी साखळी नव्या कॅसेटवर बसवू नका. ताणलेली साखळी जोर दिला की उडी मारते.

सरावासाठी कोल्हापूरची जागा चांगली आहे, पण एक गोम आहे. गगनबावडा किंवा राधानगरीकडे निघालात तर आपल्या बाजूने रस्ता हळूहळू चढतो. खरा घाट, मग तो करूळ असो, भुईबावडा असो की फोंडा, कोकणात उतरतो. म्हणजे चढ हवा असेल तर आधी खाली जावं लागतं, आणि थकल्यावर तो चढ घरच्या वाटेवर आडवा येतो. दमछाकीसाठी हे ठीक आहे. टस्कनीची नक्कल मात्र वेगळी करावी लागते. एका सकाळी पन्हाळा चढून उतरायचं, केर्लीवरून जोतिबाचा डोंगर घ्यायचा, उतरायचं आणि अंगात जोर असेल तर पुन्हा पन्हाळ्याकडे वळायचं. चढ, उतार, थंड पडलेले पाय आणि लगेच पुन्हा चढ, ही सवय पायांना व्हायला हवी. आठ आठवडे आधी सुरू करा. शेवटचे चार आठवडे सामान लावून जा. पाच-पाच लिटरचे पाण्याचे दोन कॅन बॅगांत घातले की १० किलो भरतात. वर पोचल्यावर पाणी झाडांना घालून मोकळ्या बॅगांनी उतरता येतं, ब्रेकवरचा ताणही वाचतो. एकदा तरी भरल्या बॅगांनी उताराचाही सराव करा, कारण सामानाने सायकल वळणावर वेगळीच वागते.

आता पांढऱ्या रस्त्यांकडे. इटालियनमध्ये त्यांना स्त्रादे बियांके म्हणतात. डांबर न टाकलेले, चुनखडीच्या बारीक खडीचे आणि मुरमासारखे दाबलेले हे रस्ते म्हणजे तिकडची पाणंदच. फरक एवढाच की ऊसाऐवजी दोन्ही बाजूंना द्राक्ष, ऑलिव्ह आणि गहू असतात. (द्राक्षबाग बघून तासगाव आठवेल, पण तिकडे मांडव नसतो. बुटक्या वेलींच्या सरळ ओळी तारेवर बांधलेल्या असतात.) या रस्त्यांना आज जी किंमत आली त्यामागे लेरोइका आहे. गायोले गावातून १९९७ साली सुरू झालेली ही जुन्या सायकलींची फेरी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी निघते. सायकल १९८७ किंवा त्याआधीची लागते, गिअरचे दांडे फ्रेमच्या खालच्या नळीवर आणि ब्रेकच्या वायरी हँडलवर उघड्या. डांबरीकरणातून हे रस्ते वाचावेत हाही तिचा हेतू होता. फेरीत नाव नसलं तरी तिचा सुमारे २०९ किलोमीटरचा कायमचा मार्ग वर्षभर खुला आहे आणि जागोजागी पाट्या आहेत. चार-पाच दिवसांत वाटून केला तर टस्कनीची याहून चांगली ओळख मिळणं कठीण. व्यावसायिक खेळाडूंची स्त्रादे बियांके शर्यत २००७ पासून होते आणि सिएनाच्या पियाझ्झा देल काम्पोत संपते. शेवटचा सांता कातेरिना गल्लीतला चढ १६ टक्क्यांपर्यंत जातो. तो पायी चढलात तरी कुणी हसत नाही.

या रस्त्यांवर टायर ३५ ते ४० मिलीमीटरचा हवा. ३२ वर निभावतं, २५ वर फक्त सोसता येतं. वर धरलेल्या ९५ किलो वजनाला ३८ च्या टायरमध्ये हवा मागे ५० आणि पुढे ४२ पीएसआयच्या आसपास सुरुवात करा. डांबरावर थोडी वाढवा, खडीवर थोडी कमी करा. हवा फार कमी झाली तर खड्ड्यात ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. अशी जोडभोकं दिसली तर टायरमध्ये काटा शोधत बसू नका, हवा वाढवा. फार जास्त हवा असेल तर उलटं होतं, उतारावर चाक खडीवरून नाचतं आणि ब्रेक पकडत नाही.

पांढऱ्या रस्त्याच्या उतारावर, विशेषतः वळणाआधी, गाड्यांच्या ब्रेकमुळे आडव्या लाटा पडलेल्या असतात, पत्र्याच्या छपरासारख्या. तिथे हँडल घट्ट आवळलं की हात बधिर होतात आणि सायकल बाजूला सरकते. पकड सैल ठेवा, बुड सीटवरून जरा उचला, वेग वळणाच्या आधीच सरळ रेषेत कमी करा. वळणात पुढचा ब्रेक दाबायचा नाही. याच लाटांनी कॅरिअरचे बोल्ट ढिले होतात. निघण्यापूर्वी त्यांना निळं थ्रेडलॉक (आटे ढिले होऊ न देणारा डिंक) लावा आणि रोज सकाळी अॅलन की फिरवून बघा. एक बोल्ट पडला की सगळं वजन दुसऱ्यावर येतं, दुपारपर्यंत तोही तुटतो, आणि तुटलेला तुकडा फ्रेमच्या आट्यांत अडकला तर तो काढायला ड्रिल लागतं. चार जादा बोल्ट आणि दहा केबल टाय यांचं वजन काहीच नाही.

पाऊस पडला की सगळे नियम बदलतात. सिएनाच्या दक्षिणेकडचं क्रेते सेनेसी हे चिकणमातीचं रान आहे. कोरडं असताना दगडासारखं, भिजलं की आपल्या काळ्या रानासारखं चाकाला लपेटतं. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये माती भरते आणि चाक फिरायचं थांबतं. जोर लावून पुढे रेटलं तर चिखल डिरेलरमध्ये जातो, हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकतो, कधी डिरेलरच आऱ्यात जातो. पाऊस झाला असेल तर त्या दिवशी मुकाट्याने डांबरी रस्ता धरा. आशानो ते सिएना हा लाउरेताना रस्ता डांबरी आहे, आणि क्रेतेचे सगळ्यात चांगले देखावे तसेही त्याच्यावरूनच दिसतात. कोरडा दिवस मिळाला तर आशानोजवळचा मोंते सांते मारीये हा साडेअकरा किलोमीटरचा पांढरा पट्टा आहे. शर्यतीतला सगळ्यात अवघड पट्टा तो हाच. त्याच्यावर पाणी मिळेल असं धरू नका, दोन्ही बाटल्या भरून शिरा.

पहिल्यांदा जाणाऱ्याला सिएनातून निघून सिएनातच परतणारा फेरा सोयीचा. बुओनकोन्वेंतोवरून मोंताल्चिनो. दुसऱ्या दिवशी सान क्विरीको, तिथून पाच-सहा किलोमीटरवर बान्यो विन्योनी, जिथे गावच्या मधोमध चौकाऐवजी गरम पाण्याचं कुंड आहे, आणि मुक्काम पिएंझाला. हे गाव पोप दुसरा पायस याने पंधराव्या शतकात स्वतःचं जन्मगाव म्हणून वास्तुविशारद बेर्नार्दो रोस्सेल्लिनोकडून नव्याने उभं करून घेतलं. पुढे मोंतिक्येल्लोवरून मोंतेपुल्चानो. हा दिवस अंतराने लहान आणि चढाने मोठा. मग आशानो आणि परत सिएना. या वाटेवरचं वाल दोर्चाचं खोरं २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. मे महिन्यात ते हिरवंगार असतं, जुलैत कापणी झाली की पिवळं पडतं. आणखी तीन दिवस असतील तर उत्तरेला मोंतेरिज्जोनी, सान जिमिन्यानो आणि वोल्तेर्रा जोडा. सान जिमिन्यानोला दुपारी जाऊ नका, बसने आलेली गर्दी असते. संध्याकाळी पोचून मुक्काम केला तर तिथले उरलेले चौदा मनोरे शांतपणे बघता येतात.

सिएनाहून दक्षिणेला जाणारा जुना कास्सिया रस्ता नकाशावर सरळ आणि सोपा दिसतो, पण त्याच्यावर ट्रक असतात. जिथे समांतर आडरस्ता आहे तिथे तो धरा, थोडा चढ वाढला तरी. फिरेंझे (फ्लॉरेन्स) ते सिएना जलद रस्त्यावर सायकलला बंदी आहे. मोबाइलचा नकाशा एखाद्या वेळी खासगी शेतातून किंवा पायवाटेवरून वाट दाखवतो, म्हणून रस्ता डांबरी की कच्चा हे दाखवणारं अॅप वापरा आणि मार्गाची जीपीएक्स फाइल ऑफलाइन ठेवा. दऱ्यांत रेंज जाते.

वाहतूक उजव्या बाजूने चालते, हे सगळ्यांना माहीत असतं. चूक चालताना होत नाही, थांबून पुन्हा निघताना होते. रिकाम्या रस्त्यावर फोटो काढून निघालं की सवयीने पाय डावीकडे वळतो. चौकातल्या गोल चक्करला गाड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात आणि आपण डावीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. आरसा डाव्या हँडलला लावा. सायकल भाड्याची असेल तर पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते पहिल्या मिनिटाला बघा. तिकडे सहसा डाव्या हाताला असतो, आपल्याकडे बऱ्याच सायकलींना उजव्या. उतारावर हे उलटं झालं तर माणूस हँडलवरून पुढे जातो. घंटी आणि दिवे कायद्याने लागतात. गावाबाहेर अंधारात आणि बोगद्यात चमकणारं जॅकेटही लागतं.

स्वतःची सायकल न्यावी की भाड्याने घ्यावी? आठवड्याभरासाठी भाड्याने, दोन आठवड्यांच्या पुढे असेल तरच स्वतःची. खोक्यातली सायकल कोल्हापूरहून मुंबई, तिथून विमान, तिथून पुन्हा रेल्वे, या प्रवासात प्रत्येक वेळी ती उचलायला माणूस लागतो. भाड्याच्या सायकलीला स्वतःची सीट आणि पेडल घेऊन जा, निम्मी सोय तिथेच होते. पेडल काढताना डावं उलट्या आट्यांचं असतं हे विसरू नका. ई-सायकल घेणार असाल तर बॅटरीचा हिशोब करा. सगळं मिळून ११५ किलो वजन १००० मीटर उचलायला सुमारे ३१३ वॉट-तास लागतात. निम्मं काम मोटरने केलं आणि तिच्यात चौथाई वाया गेलं असं धरलं तर २१० च्या आसपास खर्च होतो. म्हणजे ५०० वॉट-तासाची बॅटरी एका दिवसाला आरामात पुरते, मात्र मोटर सतत पूर्ण जोरावर ठेवली तर नाही. ही बॅटरी विमानातून नेता येत नाही, त्यामुळे ई-सायकल तिकडेच घ्यावी लागते.

स्वतःची नेत असाल तर मागचा डिरेलर हँगरवरून सोडून बबल प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधा. खोकं आडवं पडतं तेव्हा सगळ्यात आधी तोच भाग मार खातो. पुढचं चाक काढल्यावर फोर्कच्या दोन टोकांमध्ये प्लास्टिकचा अडसर घाला. डिस्क ब्रेक असेल तर पॅडच्या मध्येही घाला, कारण चाक नसताना चुकून दांडा दाबला गेला की पिस्टन बाहेर येतात आणि मग चाक आत बसत नाही. तुमच्या फ्रेमचा जादा हँगर जवळ असू द्या. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, आणि मोंताल्चिनोत तुमचा मिळण्याची शक्यता शून्य.

फिरेंझेहून सिएनाला साधी रेल्वे दीड तासात जाते. सायकलचं चित्र असलेल्या डब्यात सायकल चढवता येते, तिचं वेगळं तिकीट काढा. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात ठसा मारल्याशिवाय वैध नाही. नियम साधा, पण दंड सगळ्यात जास्त वेळा याच चुकीला होतो. वेगवान गाड्यांत सायकल मोडून पिशवीत भरावी लागते. मोंतेपुल्चानो नावाचं स्टेशन गावापासून लांब आणि खूप खाली आहे, हे तिकीट काढण्याआधी नकाशावर बघा.

एप्रिलचा शेवट ते जूनचा मध्य आणि सप्टेंबर, हेच दिवस योग्य. जुलै-ऑगस्टमध्ये पांढऱ्या रस्त्यावर सावली नसते आणि पारा ३५ च्या पुढे जातो. सिएनात २ जुलै आणि १६ ऑगस्टला पालिओची घोडेशर्यत असते, त्या दिवसांत खोली मिळाली तरी परवडत नाही. दुकानं दुपारी एक ते चारपर्यंत बंद, रविवारी लहान गावांत दिवसभर. बाराच्या आत फळं, ब्रेड, चीज घेऊन ठेवा. पाणी गावच्या नळावर मिळतं. ‘नोन पोताबिले’ अशी पाटी असेल तर ते पिण्याचं नाही. दोन गावांच्या मध्ये पाणी संपलं तर दफनभूमी शोधा, तिथे फुलांसाठी नळ असतो.

शाकाहारी माणसाचं चांगलं चालतं. पिची नावाचे जाड शेवयांसारखे नूडल लसणाच्या टोमॅटो रश्शात मिळतात. रिबोल्लिता हा शिळ्या ब्रेडचा आणि भाज्यांचा दाट रस्सा आहे, पण त्यात मांसाचं पाणी आहे का हे विचारून घ्या. समुद्राच्या बाजूला चेचिना मिळते, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं भट्टीत भाजलेलं जाड धिरडं, मिरची वजा. ब्रेडमध्ये मीठ नसतं. घामाने मीठ गेलेल्या माणसाला ते कळायला दोन दिवस लागतात आणि तोवर पायात गोळे आलेले असतात, म्हणून ओआरएसची पाकिटं घेऊन जा. शेंगदाणे-गुळाचे लाडू न्यायला हरकत नाही, पण त्यात तूप नको. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यामुळे पेढ्यांचा डबाही घरीच ठेवा. लाडू संपल्यावर सिएनाचा पानफोर्ते आहेच, सुकामेवा आणि मधाचा घट्ट तुकडा, खिशात राहतो आणि वितळत नाही.

इटलीला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, बोटांचे ठसे द्यायला व्हिसा केंद्रावर जावं लागतं आणि किमान ३०,००० युरोचा प्रवासी विमा लागतो. विमा घेताना त्यात सायकलिंग धरलं आहे का ते शब्दाशब्दाने वाचा. खोल्यांच्या बुकिंगचे कागद अर्जाला लागतात, म्हणून रोजचे टप्पे त्याआधीच पक्के करावे लागतात. टप्पे आखताना प्रत्येक दिवसाच्या शेवटच्या पाच किलोमीटरचा चढ वेगळा लिहून काढा आणि तो ३०० मीटरच्या पुढे गेला तर मुक्काम पायथ्याच्या गावात हलवा.